भट्टीपुढचा डोळा आणि स्पेक्ट्रोचा कागद: परदेशी ऑर्डरींनी बेळगावात कुणाचा पगार वाढवला?

अनगोळकर | ११ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. मागच्या आठवड्यात वडिलांना आमची कंपनी दाखवायला घेऊन गेलो होतो. तिथं जे पाहिलं ते डोक्यातनं जाईना, म्हणून हा धागा. जरा लांबेल, पण वाचा.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत ३१ वर्षं भट्टीवर होते. सुरुवात कुपोल्यावर, म्हणजे कोकवर लोखंड वितळवणाऱ्या उभ्या भट्टीवर. कोक, पिग आयर्न आणि भंगाराचे थर लावायचे, खालनं वारा द्यायचा, आणि रस उतरला की तो साच्यात ओतण्याजोगा आहे का, हे वडिलांनी ठरवायचं. ठरवायचं कशावर? थोडा रस पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओतायचा, लाली उतरली की पाण्यात विझवायचा आणि हातोडीनं मोडायचा. मोडलेल्या तुकड्याच्या टोकाला पांढरा भाग दिसतो, मागं करडा. पांढरं फार आत शिरलं असेल तर कास्टिंग (ओतलेला भाग) कडक येणार, लेथवर टूल मोडणार, मग रसातलं सिलिकॉन वाढवायला फेरोसिलिकॉन टाका. हे सगळं दोन-तीन मिनिटांत, धगीसमोर उभं राहून. अंदाज चुकला तर अख्खी हीट, म्हणजे त्या खेपेचा सगळा रस, वाया. वडिलांचा अंदाज क्वचित चुकायचा.

मी आता दुसऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. आमची फौंड्री आणि मशीनशॉप एकाच आवारात. बराचसा माल जर्मनीला आणि अमेरिकेला जातो. वडिलांना लॅबमध्ये नेलं. तिथला पोरगा २४ वर्षांचा, बीएस्सी झालेला. त्यानं नाण्याएवढा नमुना घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवला, ठिणगी पडली, मिनिटाच्या आत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, सगळे आकडे पडद्यावर. त्याच हीटचा पाचरीचा मोडलेला तुकडा कोपऱ्यात पडला होता. वडिलांनी तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "सिलिकॉन जरा कमी हाय." पडद्यावर १.९ टक्के होतं. हवं होतं २.१.

पोरगा वडिलांच्या पाया पडला. मला भरून आलं. पण घरी येताना गाडीवर एकच विचार: हे वडील रिटायर झाले तेव्हा त्यांचा पगार हेल्परपेक्षा दोनच हजारांनी जास्त होता. या पोराचा पगार तिसऱ्या वर्षातच हेल्परच्या दुपटीच्या पुढं गेलाय. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या प्रोग्रॅमरचा तर तिपटीच्या आसपास.

मला वाटायचं की शिकलेल्याला जास्त आणि न शिकलेल्याला कमी, एवढाच हा हिशेब आहे. तसं नाही. वडिलांकडं कौशल्य कमी नव्हतं, कागदावर उतरणारं नव्हतं. हॅम्बुर्गात बसलेल्या गिऱ्हाइकाला माझ्या वडिलांचा डोळा दिसत नाही. त्याला मालाबरोबर आलेलं टेस्ट सर्टिफिकेट दिसतं. गाव जवळ होतं, गिऱ्हाईक पुण्या-कोल्हापूरचं होतं, तेव्हा मालक सांगायचा, "आमच्या भट्टीवर अमुक माणूस आहे, काळजी करू नका." समुद्रापलीकडं असं सांगून चालत नाही.

तर माझा प्रश्न: जगाशी व्यापार वाढला तशी आपल्या भागात नवी यंत्रं, नवी पद्धत आली, हे चांगलंच झालं. पण पगारातली दरी त्याच वाटेनं आली का? आणि ती तशीच यायला हवी होती का? बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी, चिकोडी, जिथले असाल तिथलं लिहा. ऐकीव नको, बघितलेलं लिहा.

मच्छे_फौंड्री | ११ जानेवारी, रात्री १०.२५

अनगोळकर, आधी वडिलांना नमस्कार सांगा. अशा माणसांवर उद्यमबाग उभी राहिली.

मी मालकाच्या बाजूनं लिहितो. माझी फौंड्री लहान आहे, सगळे मिळून चाळीसेक माणसं. आमच्या वडिलांच्या काळात ट्रॅक्टरचे आणि पंपाचे भाग ओतायचो. १९९१ नंतर आयातशुल्कं उतरत गेली. १९९० ला सरासरी ८० टक्क्यांच्या वर असलेलं शुल्क १९९६ पर्यंत ४० च्या खाली आलं. पण आम्हाला खरा चटका बसला तो चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर. गिऱ्हाईक मेलमध्ये चीनचा भाव लिहून पाठवायचं आणि खाली एकच ओळ, एवढ्यात बसतंय का. त्या भावात हातानं साचे ठोकून बसत नव्हतं. कुपोला विकला, विजेवरची इंडक्शन फर्नेस घेतली. साचेवाले दुरमुसानं वाळू ठोकायचे, तिथं साचे दाबणारी अर्पा मशीन आली, नंतर मोल्डिंग लाइन. बारा जणांचं काम चौघांवर आलं. हे केलं नसतं तर आज त्या चौघांनाही काम नसतं, हे मी शपथेवर सांगतो.

आता पगाराचं. एक कंटेनर तिकडं नापास झाला तर परत आणणं परवडत नाही, तिथंच भंगारात जातो आणि वर गिऱ्हाईक दंड लावतं. तो कंटेनर वाचवणारा माणूस कोण? मेथडिंग करणारा, म्हणजे साच्यात रस कसा भरायचा ते ठरवणारा, सिम्युलेशनवर रनर-रायझर (रसाच्या वाटा आणि जादा रसाचे साठे) कुठं ठेवायचा ते बघणारा, लॅबवाला. अशी माणसं बेळगावात मोजकीच. मी पगार नाही वाढवला तर तो पुण्याला किंवा होसूरला जातो. हेल्पर मात्र गेला तर दुसऱ्या दिवशी दुसरा दारात उभा असतो. हे मला आवडतं म्हणून नाही, आहे ते असं आहे.

एक गोष्ट मात्र मलाही खटकते आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. निर्यात करणाऱ्यानं बाहेरनं मशीन आणली तर ईपीसीजी योजनेत सीमाशुल्क माफ. बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहा पट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची. मी घेतलाय त्याचा फायदा. आणि पोरगं अप्रेंटिस ठेवून शिकवलं तर? केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा परत मिळतो, तोही महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत. मशीनवर लाखांची सूट, माणसावर दीड हजार. मग मालक काय घेणार?

येळ्ळूरचा_गडी | ११ जानेवारी, रात्री १०.४०

फेटलिंगवाल्यांबद्दल पण लिहा कुणीतरी. कास्टिंग साफ करणारी पोरं दिवसभर ग्राइंडर धरून त्या वाळूच्या धुरळ्यात असतात. सगळ्यात कमी पगार, आणि छाती जाते ती वेगळी.

मच्छे_फौंड्री | ११ जानेवारी, रात्री १०.५८

खरं आहे. आणि त्यात भर सांगतो. मागच्या २७ ऑगस्टला, गणपती बसले त्याच दिवशी, अमेरिकेनं आपल्या बहुतेक मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आलो आणि मेल उघडला तर दोन ऑर्डरी थांबवल्याचं पत्र. दुसरी पाळी बंद करावी लागली. त्यात पहिल्यांदा कोण गेलं? ठेकेदाराकडची फेटलिंगची पोरं, ओडिशा आणि बिहारची. सणाला घरी जातो म्हणून गेली ती परत बोलावता आली नाहीत. प्रोग्रॅमरला मी काम नसताना तीन महिने सांभाळला, कारण तो गेला तर परत मिळणार नाही. पगारात फरक आहेच, पण धक्का कुणाला आधी बसतो यातही आहे.

रेवती_टिळकवाडी | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

अर्थशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून थोडं लिहिते. अनगोळकरांच्या प्रश्नाला फार जुनी पार्श्वभूमी आहे.

१९४१ साली वुल्फगँग स्टोल्पर आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी एक सिद्धांत मांडला. त्याचं साधं रूप असं: ज्या देशात कमी शिकलेले कामगार मुबलक, तो देश व्यापार खुला झाल्यावर त्यांच्या हातचा माल जास्त विकेल, त्यामुळं त्यांचीच मजुरी वाढेल आणि शिकलेल्या माणसाशी असलेली दरी कमी होईल. श्रीमंत देशात उलट होईल. मी हे फळ्यावर आकृती काढून कितीतरी वर्षं शिकवलं. १९९१ ला आपल्याकडं दारं उघडली तेव्हा माझी खरोखर अशी समजूत होती की आता हेल्परचे दिवस येणार.

तसं झालं नाही. भारतात नाही, मेक्सिकोत नाही, लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत नाही. शिकलेल्यांचे पगार पुढं गेले, बाकीचे मागं राहिले. सिद्धांत गणितात चुकला नव्हता. पण त्यानं धरून चाललेली एक गोष्ट उद्यमबागेत टिकत नाही: व्यापारानं तंत्र बदलत नाही, असं त्यात गृहीत होतं.

तंत्र बदलतं, आणि दोन वाटांनी बदलतं. पहिली वाट रॉबर्ट फीन्स्ट्रा आणि गॉर्डन हॅन्सन यांनी १९९६ मध्ये मेक्सिकोच्या संदर्भात दाखवली. अमेरिकी कंपनी जे काम बाहेर पाठवते ते तिच्या दृष्टीनं साधं असतं. पण तेच काम मेक्सिकोत उतरतं तेव्हा तिथल्या सरासरी कामापेक्षा अवघड असतं. म्हणून दोन्हीकडं शिकलेल्या माणसाची मागणी एकदमच वाढते. अनगोळकरांचा स्पेक्ट्रोवाला पोरगा हे याचंच उदाहरण. जर्मनीत त्याचं काम साधं, बेळगावात तो दुर्मीळ.

दुसरी वाट यंत्राच्या जन्माची. यंत्र कुठं बनतं? जपान, जर्मनी, अशा देशांत, जिथं मजुरी महाग आणि शिकलेली माणसं भरपूर. तिथला संशोधक साहजिकच माणसं कमी लागतील असंच यंत्र बनवणार. व्यापार खुला झाला की त्या यंत्राला जगभर बाजार मिळतो, म्हणून पुढचं संशोधनही त्याच दिशेनं जातं. हा युक्तिवाद डॅरन असेमोग्लू यांनी मांडला, त्यांना पुढं २०२४ चं नोबेल मिळालं. मच्छेकरांच्या मोल्डिंग लाइननं बारातले आठ जण कमी केले, ते बेळगावच्या गरजेतून नव्हे. ते कुठल्या तरी परदेशी मजुरीच्या हिशेबातून.

पण एकच बाजू सांगणं बरोबर होणार नाही. भारतातल्या कारखान्यांच्या नोंदींवरून २०१० मध्ये निघालेला एक निष्कर्ष असा की कच्च्या मालावरची आणि सुट्या भागांवरची शुल्कं उतरल्यामुळं देशी कंपन्यांनी जी नवी उत्पादनं काढली, ती त्या काळातल्या एकूण नव्या उत्पादनांच्या सुमारे ३१ टक्के होती. म्हणजे बाहेरचा माल आला म्हणून आपलं डोकं बंद पडलं नाही, उलट चाललं. त्याच वर्षी पेटिया टोपालोव्हा यांनी जिल्हावार पाहिलं, तर ज्या ग्रामीण जिल्ह्यांवर शुल्ककपातीचा भार जास्त पडला तिथं गरिबी कमी व्हायचा वेग मंद होता. कारण माणसं एका धंद्यातनं दुसऱ्यात, एका गावातनं दुसऱ्या गावात सहज गेली नाहीत. अमेरिकेतही तेच. १९९० ते २००७ मध्ये तिथल्या कारखान्यांतल्या नोकऱ्या जितक्या घटल्या, त्यातला जवळपास चौथा हिस्सा चिनी आयातीमुळं गेला, आणि गेला तो ठरावीक गावांतनं.

नवं डोकं चालणं आणि जुने हात रिकामे होणं या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच रस्त्यावर घडतात. म्हणून आपल्याला त्या एकदम दिसत नाहीत.

खासबागचा_विणकर | १२ जानेवारी, दुपारी १.३०

बाईंनी चांगलं समजावलं. आमच्याकडं निर्यात नाही. आमची साडी फार तर हुबळी, कोल्हापूर, सोलापूरच्या दुकानात जाते. पण तंत्र आमच्याही गल्लीत बाहेरनंच शिरलं.

खासबाग, वडगाव, शहापूर, सगळीकडं साध्या मागाचा खटखटाट होता. धोटा इकडनं तिकडं. धोट्यात कांडी. ती कांडी भरायचं काम घरच्या बायकांचं. आमची आई दुपारभर चरख्यावर कांड्या भरायची, त्यातनं दूध आणि शाळेची फी निघायची. आता आले रॅपियर माग, कुणी चिनी घेतले, कुणी युरोपातले जुने. रॅपियरला धोटा नाही, बाणा (आडवा धागा) थेट सुताच्या कोनावरनं घेतो. धोटा नाही म्हणून कांडी नाही. कांडी नाही म्हणून आईचं काम नाही. कुणी तिला कामावरनं काढलं नाही. ते काम उरलंच नाही. कुठल्या आकड्यात हे धरलं असेल, बाई? ती कुणाच्या मस्टरवर नव्हती.

तसंच जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पत्त्यांचं. डिझाइनप्रमाणं पुठ्ठ्याला भोकं पाडणारे कारागीर होते आमच्याकडं, बारीक नजरेचे. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, डिझाइन पेनड्राइव्हवर. डिझाइन करणारा पोरगा बरा कमावतो. पत्ते पाडणारे एक काका आता रात्रपाळीला वॉचमन आहेत. मी रॅपियर घेतला नाही. कर्ज झेपलं नसतं. सुरतेच्या भावाशी माझी साडी टिकत नाही, हे मला माहीत आहे.

खानापूरची_पोरगी | १२ जानेवारी, रात्री ८.०५

सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) सीएनसीवर विमानाचे भाग होतात त्या कामात आहे. आमच्या गावातनं रोज पहाटेची गाडी पकडून जाते. माझे काका फौंड्रीत होते, अनगोळकर दादांच्या वडिलांसारखेच कसबी. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, मला शिकवा. ते म्हणाले, भट्टीपुढं पोरींचं काय काम. त्यांचा राग नाही, तो काळच तसा. पण मला सांगा, डोळ्यातली ती विद्या कुणाला मिळायची? मुलाला, पुतण्याला, फार तर जातीतल्या-गल्लीतल्या एखाद्याला. ती लिहिलेली नव्हती म्हणून माझ्यासारखीला ती मिळायची वाटच नव्हती.

कागदानं मला आत घेतलं. ड्रॉइंग माझ्यापुढं आलं तेव्हा ते मी मुलगी आहे का, मराठी आहे का कानडी, खानापूरची का बंगळूरची, हे बघत नव्हतं. माप बसलं की बसलं. पहिल्या वर्षी मी डीबरिंगला होते, बारीक कडा हातानं घासायचं काम. जेवणाच्या सुट्टीत मशीनवरच्या ताईकडनं प्रोग्रॅम वाचायला शिकले. आज माझा पगार घरात सगळ्यात जास्त आहे. भावाच्या लग्नाचं कर्ज मी फेडते.

दरी आहे, मान्य. माझ्याबरोबर डीबरिंगला लागलेल्या चौघी अजून तिथंच आहेत. त्या माझ्यापेक्षा कमी हुशार नव्हत्या. त्यांना शिकवायला ती ताई मिळाली नाही, एवढंच.

अनगोळकर | १२ जानेवारी, रात्री ९.१०

खानापूरच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ते मला सुचलंच नव्हतं. वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "खरं हाय तिचं. आम्ही कुणाला शिकवलं? शिकवलं तर आपली किंमत जाईल असं वाटायचं."

म्हणजे वडिलांच्या पिढीनं विद्या दाबून ठेवली, कारण तीच त्यांची एकमेव ठेव होती. आणि मग बाहेरनं स्पेक्ट्रो आला आणि ठेव एका दिवसात मोकळी झाली. वडिलांना त्याचं काही मिळालं नाही, हे दुःख माझं अजून आहे. पण ती मोकळी झाली हे वाईट झालं असं आता म्हणवत नाही.

मदभावीची_लेक | १३ जानेवारी, दुपारी ३.२०

अथणी भागातली आहे. आमचं घर चपलांचं. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं, तळ कापणं पुरुषांचं, वेण्या आणि बारीक नक्षी बायकांची. माझ्या वेण्या सासूबाईंच्या हातच्या नाहीत, पण बऱ्या आहेत.

तुम्ही कागद कागद म्हणता ना, आमचा कागद २०१९ ला आला. कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकाचे: बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. सीमेवरनं एवढं भांडण, पण चपलेनं आठही जिल्हे एका नोंदीत बसवले. नाव कोल्हापूरचं, पण हात आमचेही, हे सरकारी कागदावर आलं याचं आम्हाला फार बरं वाटलं.

पण भाव वाढला का? नाही. भाव कधी हलला सांगते. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तशाच चपला दाखवल्या, नाव-गाव न सांगता. ओरड झाली. मग त्यांनी मान्य केलं की या भारतीय कारागिरांच्या चपलांवरनं सुचल्या. डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, इथं दोन हजार जोड बनवायचे, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. म्हणजे आपल्या ८० हजारांच्या वर. मला एका जोडाच्या वेण्यांचे किती मिळतात ते इथं लिहायला लाज वाटते. शंभराच्या आत.

इथं तर यंत्रही आलं नाही, कुणाचं काम गेलं नाही. माझं काम तेच, चामडं तेच, हात तेच. फक्त चप्पल कुणाच्या नावावर विकली जाते ते बदललं, आणि किंमत कितीच्या कितीपट झाली. मग सगळा दोष स्पेक्ट्रोचा आणि रॅपियरचा कसा? करारात कारागिरांना प्रशिक्षण द्यायचं आहे असं ऐकलंय. आम्हाला वेणी शिकवू नका. माप, ग्रेड, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवा.

निपाणीकर | १३ जानेवारी, रात्री ९.३०

मदभावीच्या ताईंना जोडून. आमच्या निपाणीचा तंबाखू बिडीचा. परदेशी जातो तो सिगारेटचा तंबाखू, तो आंध्र आणि म्हैसूर भागातला. आमच्याकडं जगाचा व्यापार फारसा आलाच नाही आणि यंत्रही आलं नाही. बिडी आजही हातानंच वळतात. तर मग इथं समानता असायला हवी होती.

आई ४० वर्षं बिड्या वळत होती. मजुरी हजारावर. मांडीवर सूप, पान कापायचं, जर्दा भरायचा, दोऱ्यानं बांधायचं. बोटं वाकडी झाली. तपासणारा वाईट म्हणून मूठभर बाजूला काढायचा ते मजुरीतनं वजा. मजुरीत जे काही वाढलं ते बायकांनी युनियन करून, मोर्चे काढून वाढलं. शेतकऱ्यांचंही तसंच, १९८१ ला शरद जोशींबरोबर हायवेवर बसले, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा तंबाखूच्या भावाचं बोलणं सुरू झालं. व्यापार आला तर दरी येते हे अर्धंच खरं. व्यापार नाही आला तरी गरीब गरीबच राहतो, जर त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नसेल.

उद्यमबागेत फेटलिंगच्या पोरांची युनियन आहे का?

मच्छे_फौंड्री | १३ जानेवारी, रात्री ९.५५

ठेक्यावरच्यांची नाही. असती तर मला त्रास झाला असता, तरीही सांगतो, नाही हे बरोबर नाही.

रेवती_टिळकवाडी | १४ जानेवारी, सकाळी ८.००

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

विणकर दादा, तुमच्या आईंचं काम कुठल्याच आकड्यात नाही. मी शिकवलेल्या एकाही आकृतीत कांड्या भरणारी बाई नव्हती, हे मला तुमच्या प्रतिसादानंतर रात्रभर टोचत होतं. घरात होणारं काम यंत्रानं संपवलं तर ते बेकारी म्हणून मोजलंच जात नाही. ती बाई फक्त "घरी असते".

निपाणीकरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. व्यापारानं जो जास्तीचा पैसा येतो त्याची वाटणी बाजार एकटा ठरवत नाही. युनियन, किमान वेतन, शिक्षण, करार कुणाशी होतो, हे सगळं ठरवतं. मच्छेकर, तुम्ही मशीनवरची सूट आणि अप्रेंटिसचे दीड हजार हे जे शेजारी शेजारी ठेवलंत, ते तुमच्या संघटनेनं लेखी मांडा. मी मसुदा करून देते. मनापासून म्हणते.

मच्छे_फौंड्री | १४ जानेवारी, सकाळी ९.२०

बाई, करा. सह्या मी गोळा करतो.

वाचक_चिकोडी | १४ जानेवारी, सकाळी ११.४५

पहिल्यांदाच लिहितोय. मी आयटीआय फिटर, दुसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात शिकवतात कानडीत, पुस्तक इंग्रजीत, आणि मला समजतं मराठीत. ड्रॉइंग समोर आलं की घाबरतो. खानापूरच्या ताईंना विचारायचं होतं, छिद्राच्या मापापुढं २५ एच ७ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय? सरांना विचारलं तर म्हणाले, तक्ता बघ. तक्ता कसा बघायचा तेच कळत नाही.

खानापूरची_पोरगी | १४ जानेवारी, रात्री ८.४०

भावा, घाबरू नको. मीही पहिल्यांदा असंच बघत बसले होते.

२५ म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुढचं अक्षर सांगतं की सूट कुठनं सुरू होते. कॅपिटल एच असेल तर ती बरोबर २५ पासून सुरू होते आणि वरच जाते, खाली अजिबात नाही. अक्षर कॅपिटल म्हणजे छिद्र, लहान अक्षर म्हणजे शाफ्ट, हे कायम लक्षात ठेव. ७ हा आकडा सांगतो सूट किती. आकडा लहान तेवढं काम बारीक. आता तक्ता. डाव्या बाजूला मापांचे गट असतात, २५ ज्यात बसतं तो गट १८ च्या वर आणि ३० पर्यंतचा. त्या ओळीवर बोट ठेव आणि ७ च्या रकान्यापर्यंत सरकत जा. २१ मिळेल. ते मायक्रॉन आहेत, म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग. माणसाचा केस ६०-७० मायक्रॉनचा असतो, त्याचा तिसरा हिस्सा धर. तपासताना गो-नोगो गेज लावतात, एक टोक आत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये.

अनगोळकर दादा, तुमच्या वडिलांना एक विचारा. पाचरीच्या तुकड्यावर पांढरा भाग किती मिलिमीटरपर्यंत चालतो, कुठल्या जाडीच्या कास्टिंगला किती, हे ते सांगतील का? मी लिहून घेते. माझ्याकडं व्हर्नियर आहे.

अनगोळकर | १४ जानेवारी, रात्री ९.१५

विचारलं. म्हणाले रविवारी ये म्हणावं, तुकडे मी आणून ठेवतो. चिकोडीच्या पोरालाही बोलवा म्हणाले.

वाचक_चिकोडी | १४ जानेवारी, रात्री ९.५०

ताई, म्हणजे २५.०२१ आलं तर पास आणि २४.९९९ आलं तर नापास. बरोबर का?

खानापूरची_पोरगी | १४ जानेवारी, रात्री १०.०२

बरोबर. आता तसंच ४० एच ७ चं काढून इथं टाक.